क्रमांक एकशे सतरा

नियम साधे होते. वस्तू एकटी हवी.
उजेड डावीकडून. मागे भिंत नको, पुढे माणूस नको.
तडा असेल तर तडा काढायचा,
पण त्याची कीव करायची नाही.
असं दिघे साहेब म्हणायचे, चष्मा पुसत,
आणि मग ब्रश चहाच्या कपात बुडवायचे.
चुकून. दर वेळी.

त्या वर्षी मी बडोदं पाहिलं ते जमिनीवर बसून,
वस्तूंच्या उंचीवरून.
वाडीत पोपटाच्या चोचीचा अडकित्ता.
फतेपुऱ्यात कवड्या शिवलेली चुंबळ, तिला तिथे इंढोणी म्हणतात.
दांडिया बजारात, आमच्याच नात्यात,
कोंबड्याच्या तोंडाची विळी.
तिच्या मालकिणीने विचारलं, याचा पगार देतात तुला?
देतात, म्हटलं. महिना ऐंशी.
त्यावर तिने विळी पदराने पुसली
आणि जरा उजेडात सरकवून ठेवली.

एकशे सतरा म्हणजे घोडियुं.
घडियाळी पोळ, कंसाऱ्याचं घर,
जिना दोराला धरून चढायचा.
संखेड्याचं काम: कथलाच्या वेलबुट्टीवर लाखेचा थर,
केवड्याच्या पानाने घासून घासून आणलेली झळाळी.
चार खांबांवर चार मोर, एकाची मान गेलेली.
आणि मधल्या झोळीत
बावीस दिवसांचा मुलगा.
नाव ठेवायचं होतं अजून. आत्या डभोईहून यायची होती.

याला थोडा वेळ बाहेर घेता येईल का, मी विचारलं.
रेवाबेन म्हणाल्या, घ्या की.
मग रात्री झोपवायलाही तुम्हीच या.

खाली दुकानात दिवसभर हंड्यावर हातोडी.
त्या ठणठणाटात पोर गाढ झोपायचं,
आणि कंसारा पाणी प्यायला थांबला
की दचकून उठायचं.
झोळी थांबली, रडणं.
झोळी हलली की खांब थरथरायचे,
मोर पेन्सिलीच्या टोकावरून उडून जायचे.
पहिल्या दिवशी माझ्या कागदावर
फक्त एक पाया होता. तोही तिसऱ्यांदा काढलेला.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं.
रेवाबेननी दोरी माझ्या हातात दिली,
जरा धरा, म्हणाल्या, आणि बादली घेऊन उतरल्या.
असा मग आमचा रिवाज पडला.
डाव्या हातात दोरी, उजव्यात ब्रश.
दोन्ही हातांनी एकमेकांचा नाद सोडला
तेव्हा कुठे मोर खांबावर परत येऊन बसले.

सोनेरी रंग आमच्या पेटीत नव्हताच.
सोनं म्हणजे पिवळ्याचा पाण्यासारखा पातळ हात,
तो वाळू द्यायचा, मग भोवतीने लाल दाटवत न्यायचा
आणि वेलीच्या कडेशी श्वास रोखून थांबायचं.
सगळं कसब त्या थांबण्यात.
झोळी मी रिकामी रंगवली, नियमाप्रमाणे,
पण तिला पोटात ओझं होतं तसंच ठेवलं.
कापड खोटं बोलत नाही,
आणि मला ते बोलायला लावता आलं नाही.

साहेबांनी कागद खिडकीशी धरला.
मोराची मोडकी मान पाहिली, मान हलवली.
मग बोट दोरीवर आलं.
ही अशी तिरपी का? लोंबती हवी.
ओढलेली आहे, साहेब.
कुणी?
मी कागदाची कड दाखवली.
ते बराच वेळ त्या कडेकडे पाहत राहिले,
तिथे कोणी उभं असल्यासारखे.
मग कागद उलटा करून पेन्सिलीने लिहिलं:
दोरी ताणलेली. कारण नोंदलेले नाही.
आणि खाली सही.

आत्याने काय नाव ठेवलं, विचारायचं राहून गेलं.
रंग वाळायची वाट पाहताना
माझा डावा हात अजून पुढेमागे होतो.
घरचे म्हणतात, वयामुळे.

एकशे अठरा करजणला होतं.
मीठ ठेवायची लाकडी मासोळी,
झाकणाला चामड्याची बिजागरी.
तीन तासांत झालं.